पहिल्या पाण्याची वाटी

चमच्याच्या खोलगट बाजूत माणूस उलटा दिसतो आणि पाठीवर सुलटा, पण फुगलेला — हे त्याला इतक्या वर्षांत पाठ झालेलं होतं, तरी सकाळी न्हाणीघरात दिवा लावून त्याने चमचा तोंडासमोर धरला तो पाठीकडूनच. मधोमध मोठं नाक, दोन्हीकडे पसरलेले गाल, आणि उजवा गाल डाव्यापेक्षा जास्त... की चमचा तिरका धरला म्हणून? त्याने मनगट थोडं फिरवलं. आता डावा गाल मोठा झाला. बरं वाटलं. चमच्यात सगळ्यांचेच गाल सुजलेले असतात. भिंतीवर चांगला आरसा होता, पण त्याच्याकडे तो पाठ करून उभा होता.

जीभ मात्र तिकडे गेलीच. तिला कितीही आवरलं तरी ती जाते, दार उघडं राहिलेल्या घरात मांजर जावं तशी. अगदी मागे, शेवटच्या दाढेच्याही मागे, हिरडीचा एक मऊ पदर होता आणि त्या पदराखाली अक्कलदाढ — अर्धी वर आलेली, अर्धी हाडातच राहिलेली. जिभेचं टोक लागलं की आधी नुसतं हुळहुळायचं, मग ठणका कानापर्यंत चढायचा, आणि मग पदराखालून थेंबभर काहीतरी यायचं. कोमट, खारट, आणि खारटाच्या मागून ती चव. पितळेच्या भांड्याची कल्हई उडालेली असावी आणि त्यात कुणी ताक रात्रभर विसरावं, तशी. कळकलेली. झोपेत किती गिळलं गेलं असेल... त्याने मिठाच्या पाण्याची चूळ भरली, मग साध्या पाण्याची. चूळ भरतानाही तोंड पुरतं उघडत नव्हतं, दोन बोटं कशीबशी आत जातील एवढंच.

तोंडावर पोट असलेली माणसं दोन तऱ्हेची, बोलणारी आणि चाखणारी. तो चाखणारा होता. चहाच्या पेढीत नमुने चाखायचे आणि माल घ्यायचा की परत पाठवायचा ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. दुसरं कुठलंच काम त्याला येत नव्हतं आणि कधी शिकावंसंही वाटलं नव्हतं. डोंगरातल्या कुठल्या मळ्यात पाऊस लांबला, कुठे पाला जास्त वेळ ढिगात पडून राहिला, कुठे भट्टीच्या धुराला फट सापडली, हे त्याला खोलीत बसून कळायचं. लोक म्हणत, याच्या जिभेला डोळे आहेत. आणि काल दातांच्या डॉक्टरीणबाईंनी...

बाहेर बायको शर्ट घेऊन उभी होती. हे अलीकडचं. सकाळी त्याची बोटं आखडलेली असत, मिटली तर उघडत नसत, त्यामुळे गुंड्या लावायचं काम तिच्याकडे गेलं होतं. ती खालून सुरुवात करी. गळ्याशी आली की तिची बोटं मुद्दाम जबड्याखालून फिरत. तिथे बोराएवढी गाठ, अवधाण, आलेलं होतं. रोज ती ते दाबून बघे आणि काही बोलत नसे. आज बोलली.

"अहो, वाढलंय हे."

"चमच्यात तर दिसत नाही."

"चमच्यात बघायला तुम्ही काय खोकल्याचं औषध आहात?" तिने वरची गुंडी लावली आणि कॉलर सारखी केली. "दुपारी जायचंय. येऊ का मी बरोबर?"

नको, अशी त्याने मान हलवली. हसू आलं होतं, पण हसायलाही जबडा लागतो.

तिनेच त्याला काल ओढून नेलं होतं. उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग सापडला म्हणून. त्याआधी किती दिवस गुडघ्यांचंच चाललं होतं — जिना चढताना गुडघा धरायचा, संध्याकाळी अंगात कणकण यायची, जेवणावरून वासना उडाली होती, थकवा असा की बूट काढायला बसलं की बसूनच राहावं. घरच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या गोळ्या दिल्या, बदलून दिल्या, शेवटी रक्त तपासलं. अंगात सूज आहे, म्हणाले. कुठे? ते रक्त सांगत नाही. घसा, छाती, लघवी, सगळं विचारून झालं आणि मग त्यांनी सहज विचारलं, दाताबिताचं काही? आणि तो नाही म्हणाला. लगेच म्हणाला. खोटं बोलायला माणसाला थोडा तरी वेळ लागतो, मला तेवढाही लागला नाही.

दातांच्या डॉक्टरीणबाई वयाने त्याच्या मुलीसारख्या. पहिल्यांदा तोंडात दिवा घालून त्या म्हणाल्या की अक्कलदाढ बऱ्याच जणांची अशी अर्धवटच राहते, मनावर घेऊ नका. बायको हसली. मग फोटो काढला, तो उजेडावर धरला, रक्ताचा कागद वाचला, आणि त्यांचा आवाज बदलला. गुडघे, बोटं, कणकण, हे सगळं या एका दाढेनेच केलं असं त्या म्हणणार नव्हत्या. पण या पदराखाली पू आहे, आणि तो काही तिथेच शहाण्यासारखा बसून राहत नाही. तुम्ही चावता, ब्रश फिरवता, दर वेळी त्यातलं थोडं रक्तात उतरतं. अंग दिवसरात्र त्याच्याशी झुंजतंय. झुंजून झुंजून ते तुमच्या सांध्यांवर राग काढत असेल तर नवल नाही. एवढीशी जागा असते, म्हणाल्या, नखाएवढी, पण सगळ्या अंगाला कामाला लावते. दोन-तीन दिवस गोळ्या घेऊन काढायची, असं ठरवता येईल. पण उद्या एकदा या, आधी ती जागा धुऊन घेऊ आणि तारीख ठरवू.

आणि काढताना काही...? त्याने विचारलं.

तेव्हा त्यांनी फोटोवर पेन टेकवलं. "इथून, हाडाला अगदी लागून, जिभेची शीर जाते. बहुतेकांना काही होत नाही. थोड्यांची जीभ त्या बाजूला काही महिने बधिर राहते. फार थोड्यांची कायमची. पण जेवणंबोलणं अडत नाही त्याने. चवीचं थोडं कमी-जास्त होईल, इतकंच."

बायकोने तोंड उघडलं होतं, आमचे हे काय काम करतात ते सांगायला. त्याने खुर्चीखालून तिचा पाय दाबला. का दाबला? सांगितलं असतं तर त्या बाईंनी अजून जपून काम केलं असतं. पण सांगितलं की ते खरं होतं... चवीचं थोडं. इतकंच.

पेढीचा जिना तो कठडा धरून चढला. वर पोचेपर्यंत जबड्यातला ठोका आणि गुडघ्यातला ठोका एकाच तालावर पडायला लागले होते. त्याला वाटलं, दोघे एकमेकांना हाका मारतायत, वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर.

चाखायची खोली उत्तरेच्या उजेडाची. लांब टेबल, त्यावर ओळीने झाकणाचे पांढरे पेले, प्रत्येकापुढे एक पांढरी वाटी, आणि उलट्या झाकणावर काढून ठेवलेला ओला चोथा. नमुन्यांना नावं नसतात, नुसते आकडे. चमच्याने घोट घ्यायचा आणि भुरका मारायचा, जोरात, न लाजता, चहा टाळूवर उडाला पाहिजे आणि नाकातून त्याचा वास परत आला पाहिजे. मग चाकांच्या पिकदाणीत थुंकायचं आणि पुढच्या वाटीकडे सरकायचं. गिळायचं नाही. आयुष्यभर चहा तोंडात घेतला आणि थुंकला. पोटात गेला तो घरचा, बायकोच्या हातचा, आणि त्याला त्याने कधी नावं ठेवली नाहीत.

या टेबलाचे दोन रिवाज होते, दोन्ही मामांनी घालून दिलेले. मामा म्हणजे त्याच्याआधी इथे बसणारे, सगळ्या पेढीचे मामा. पहिला रिवाज असा की ओळीच्या सुरुवातीला एक वाटी नुसत्या गरम पाण्याची. ती आधी चाखायची. किटलीत काय आहे, भांड्यात काय आहे, आपल्या तोंडात काय आहे, ते आधी कळू दे, मग दुसऱ्याच्या मालाला बोला. दुसरा असा की टेबलावरचा थोरला बोलेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मामा गेल्यावर दुसरा रिवाज राहिला, आणि पहिला... तोही मोडला नाही कुणी. वाटी रोज मांडली जायची. कुणी चाखायचं मात्र नाही. ती थंड होऊन दुपारी मोरीत ओतली जायची.

आणखी एक, न सांगितलेला: ज्याला सर्दी, ज्याला तोंड आलंय, तो टेबलावर बसत नाही. चष्मेवाला — टेबलावर त्याच्या खालोखालचा, जुना — मागच्या आठवड्यात दोनदा शिंकला तर त्यालाच याने घरी पाठवलं होतं. दाढेबद्दल कुणी काही म्हटलेलं नव्हतं. दाढ म्हणजे काही जीभ नव्हे. हाडाचा तुकडा तो, त्याला काय चव.

"दादा, जागरण झालं का?" चष्मेवाल्याने विचारलं. "गाल असा दिसतोय, जणू वहिनींनी काल हिशेब चुकता केला."

त्याने नुसता हात उडवला. धाकटी किटली घेऊन आली. ती या वर्षीच लागलेली, टेबलावर सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. बोलायची कमी आणि भुरका असा मारायची की पहिल्या दिवशी चष्मेवाला दचकला होता. तिने पहिल्या वाटीत पाणी ओतलं आणि ती त्याच्याकडे किंचित सरकवली. रोजच्यापेक्षा किंचित जास्त. की तसं वाटलं? तो पाण्यावरून पुढे गेला.

पहिला नमुना ठीक. दुसरा पातळ, पण ठीक. तिसऱ्याला त्याने बेताने भुरका मारला, जबडा दुखत होता म्हणून, आणि काही उमगलं नाही म्हणून परत मारला, जोरात — आणि मागून ती आली. आधी चहाचा कडकपणा, मग थोडा गोडवा, आणि गोडवा सरतो न सरतो तोच टाळूच्या मागे पितळ.

"कळकलाय," तो म्हणाला.

चष्मेवाल्याने घोट घेतला, डोळे मिटले, थुंकला. हो, मागून येतोय, म्हणाला. धाकटीने घेतला, तोंडात नेहमीपेक्षा जास्त वेळ घोळवला, थुंकली, वाटीकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे. "हो," ती म्हणाली. उशिरा म्हणाली. चहा आवडला नाही म्हणून होतो तो उशीर असा नसतो, हे त्याला कळत होतं. हा निराळा उशीर होता. हा उशीर मी कुठेतरी पाहिलाय...

पुढे आणखी दोन निघाले तसेच. दर वेळी शब्द उच्चारताना त्याला आतून एक हलकेपणा यायचा आणि आज पहिल्यांदा त्याने त्या हलकेपणाकडे नीट बघितलं. पहाटेपासून तोंडात असलेली ती चव चहात सापडली की बरं वाटायचं. म्हणजे ती बाहेर आहे. आकडा घातलेल्या वाटीत आहे, परत पाठवता येते.

मग शिपाई सांगत आला की एक मळेवाला आलाय, जाईच ना, तुम्हालाच भेटायचं म्हणतो.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. धुतलेला सदरा, गुडघ्यांवर पत्र्याचा डबा, डब्यावर दोन्ही हात. नमस्कार करायला उठला तेव्हा त्यालाही गुडघा धरावा लागला, आणि क्षणभर दोघेही एकमेकांच्या गुडघ्याकडे बघत राहिले. मळा लहान आहे, त्याने सांगितलं, घरचीच माणसं तोडायला. इतकी वर्षं माल इथेच येतोय. यंदा परत आला. धातू लागलाय, असा निरोप मिळाला. खरंच असेल, आपल्याला काय कळतं. वाळवायचे सगळे पत्रे काढून टाकले, नवे बसवले.

"लेक म्हणत होता दुसऱ्या कुणाला दाखवू. मी म्हटलं, त्यांची जीभ खोटं बोलायची नाही. मामांच्या हाताखालची आहे." म्हाताऱ्याने डबा किंचित पुढे धरला. त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "पुन्हा परत आला, साहेब. आता काय काढून टाकू तेवढं सांगा. तेही टाकतो."

पुन्हा बघतो, असं तो म्हणाला. ते शब्द दातांतून कसेबसे बाहेर आले, आणि म्हातारा पुढे वाकून त्याच्या तोंडाकडे बघायला लागला, जनावराच्या तोंडाकडे बघावं तसं, विचारपूस म्हणून.

"दाढ का? केवढं सुजलंय तोंड तुमचं. लवंग धरा साहेब, लवंग."

लवंग. बायकोनेही रात्री तेच म्हटलं होतं, आणि तो कुशीवर वळला होता. लवंग धरली की दोन दिवस जीभ लवंगेची होते. टेबलावर बसणाऱ्या माणसाने लवंग धरायची नसते. म्हणून ठणका सोसला, तोंड दाबून, अभ्रा चावून — जीभ स्वच्छ राहावी म्हणून. त्याने म्हाताऱ्याच्या हातून डबा घेतला. डबा कोमट होता, मांडीची ऊब लागलेला.

जेवायच्या सुट्टीत खोली रिकामी झाली. चष्मेवाला विचारून गेला, तू नाही येत? याने पोटाकडे बोट दाखवलं. बायकोने दुधात पाव भिजवून दिला होता, त्याचं झाकण उघडून त्याने परत लावलं. उत्तरेचा उजेड टेबलावर पसरला होता, वाट्यांच्या कडा निळसर दिसत होत्या, आणि ओळीच्या सुरुवातीला ती पाण्याची वाटी, थंड झालेली, तळ स्वच्छ दिसणारी.

मी काही शोधत नव्हतो. नुसता चमचा बुडवला.

भुरका मारला, सवयीने, जोरात. आणि पाणी कळकलेलं होतं.

किटली, त्याच्या मनात आलं. किटलीचा तळ गेला असेल. धाकटीला सांगितलं पाहिजे, किटली बदला. त्याने उठून काचेच्या पेल्यात नळाचं पाणी घेतलं आणि चमच्याने ओढलं. कळकलेलं. म्हणजे नळ. जुने नळ, गंज... पेढीच्या नळाला काही झालं की सगळ्यांनाच... त्याचा हात मध्येच थांबला. मग त्याने फार सावकाश, लहान मुलाला पाजावं तसं, डाव्या गालाकडून, भुरका न मारता, एक घोट तोंडात घेतला आणि तसाच धरून ठेवला. काही नाही. पाणी. नुसतं पाणी, त्याला मागचं नाही न पुढचं नाही. थुंकून त्याने परत जोरात ओढलं, आणि त्या ओढण्याबरोबर मागच्या पदराखाली काहीतरी सुटल्याची बारीक जाणीव झाली, आणि मग ती आली, कोमट, वेळेवर, ओळखीची.

भुरका जितका चांगला, तितकी ती जास्त.

तो खुर्चीत बसला. गुडघा वाकताना कडकन वाजला. कधीपासून? हिवाळ्यात पहिल्यांदा दुखली तेव्हापासून? की आधी, दुखायच्याही आधी, जेव्हा नुसती चवच येत असेल आणि मी म्हणत असेन, यंदा मळेवाले भांडी नीट ठेवत नाहीत? परत पाठवलेले आकडे त्याला आठवेनात. आकडेच ते, त्यांना चेहरे नव्हते. आता एकाला होता, आणि तो बाहेर बाकावर बसलेला होता. पत्रे काढून टाकलेला म्हातारा. नवे पत्रे कुणी नेले असतील डोंगरावर? त्याच लेकाने, शिव्या देत...

आणि बाकीचे? चष्मेवाला म्हणाला होता, हो, मागून येतोय. त्याच्या तोंडात कुठून आलं पितळ? तो खोटारडा माणूस नाही. त्याला खरंच लागलं असेल. मी म्हटल्यावर लागलं असेल. माझा शब्द त्याच्या तोंडात उतरला, आणि तिथून धाकटीच्या, आणि तिथून खाली कारकुनाच्या टेबलावर, आणि तिथून डोंगरावर. नखाएवढी जागा, म्हणाल्या होत्या त्या बाई.

सांगायला पाहिजे. उठून, आत्ता, चष्मेवाल्याला. मग पेढीच्या साहेबांकडे जायचं, सांगायचं की परत गेलेले सगळे नमुने पुन्हा मागवा. साहेब विचारतील, आणि दाढ काढल्यावर? जीभ राहील ना ठीक? त्याला काय सांगायचं? बहुतेकांची राहते. चमचा मागून घेतील. आजारी आहात, आराम करा, म्हणतील, चांगल्या शब्दांत म्हणतील. आणि बायको सकाळी गुंड्या लावेल आणि विचारेल, कुठे जायचंय? आणि न सांगता दाढ काढली, तर त्या शिरेवर भरवसा ठेवायचा. आणि नाहीच काढली तर हे असं चालू द्यायचं — रोज थोडं थोडं गिळत, रोज थोडं रक्तात सोडत, गुडघ्यांच्या गोळ्या खात, कळकलाय, कळकलाय म्हणत. आपलेच दात, आपलेच ओठ. बोंब मारायची कुणाच्या नावाने.

तो उशीर त्याला आता आठवला. धाकटीचा 'हो'. तो आमचाच होता.

मामांचं शेवटचं वर्ष. तोवर रिवाज होता थोरल्याने आधी बोलायचं, आणि एके दिवशी मामाच म्हणाले, आज तुम्ही आधी बोला रे. माझ्यामागे मान डोलवायला तुम्ही काय नंदीबैल आहात? केवढं बरं वाटलं होतं. थोरला माणूस पोरांना पुढे करतोय. आम्ही छाती फुगवून बोलायचो, आणि मामा आमच्यानंतर भुरका मारायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, बरोबर. कधी म्हणायचे, शाबास. फार उशिरा माझ्या लक्षात आलं की मामा वाटीकडे बघत नाहीत, आमच्या तोंडांकडे बघतात. कुणी नाक आक्रसलं, कुणाची भुवई उठली. एकदा एकच नमुना चुकून दोन पेल्यांत गेला. एकाला मी नाव ठेवलं, दुसऱ्याला चष्मेवाल्याने वाखाणलं, आणि मामा दोघांनाही बरोबर म्हणाले. त्या दिवशी खोलीत कुणी कुणाकडे बघितलं नाही. मी 'हो' म्हणालो. उशिरा म्हणालो. पुढे ते घरी बसले तेव्हा भेटायला गेलो, तर मामींनी आणलेला कप हातात तसाच धरून ते माझ्या तोंडाकडे बघत होते — मी आधी प्यावं म्हणून.

जिन्यावर पावलं वाजली. धाकटी लवकर आली होती. तिने टेबलाकडे बघितलं: पाण्याची वाटी जागची हललेली, काचेचा पेला, नळाशी सांडलेलं पाणी, त्याच्या हातात चमचा. सगळं बघून झाल्यावर तिने काहीच बघितलं नाही असं केलं. कसं करायचं असतं ते तिला येत होतं.

त्याने म्हाताऱ्याचा डबा पुढे केला. "हा लाव."

तिने किटली चढवली. पाला जोखला, पेल्यात घातला, उकळतं पाणी ओतलं, झाकण लावलं, वाळूचं घड्याळ उलटं केलं. चष्मेवाला आला, दात कोरत. खाली मी तुझ्यासाठी केळं ठेवलंय, म्हणाला, मऊ आहे, म्हाताऱ्यांचं खाणं. वाळू पडत होती. दातांच्या दवाखान्यात जायची वेळही जवळ येत होती. वेळेवर निघायचं तर आता निघायला हवं होतं. शिपायाने दार लोटलं तेव्हा फटीतून बाक दिसला, आणि बाकावरचे दोन हात, आता डबा नसल्यामुळे कुठे ठेवावेत ते न कळलेले.

धाकटीने वाटी भरली. चहाच्या वाटीआधी पाण्याची वाटी ठेवली, ताजी, वाफाळती, आणि या वेळी ती वाटी तिने सरकवली नाही. नुसती ठेवली, आणि मागे सरून हात बांधून उभी राहिली, रिवाजाप्रमाणे, तो बोलायची वाट बघत.

त्याने चमचा उचलला. चमच्याच्या खोलगट बाजूत खिडकी उलटी दिसत होती.

सांग. एक वाक्य आहे. तोंड उघड आणि सांग. जबडा दोन बोटं उघडला, आणि त्या दोन बोटांतून जे बाहेर आलं ते त्याने स्वतःही बाकीच्यांबरोबरच ऐकलं.

"तू आधी."

धाकटी दचकली. चष्मेवाल्याने दात कोरणं थांबवलं. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, उजळलं — ते त्याने आतून ओळखलं, कारण तो उजेड एकदा त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर पडलेला होता. तिने आधी पाणी चाखलं, थुंकली. मग चहा. तिचा भुरका खोलीभर वाजला. आणि तो बघत होता. वाटीकडे नाही, तिच्या ओठांच्या कडेकडे, नाकपुडीकडे, भुवईकडे, घसा हलतो का त्याच्याकडे. इतकं बारकाईने मी कधी कुठल्या चहाकडे बघितलं नव्हतं.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली. या वेळी उशीर नव्हता.

आता त्याची पाळी. त्याने चमचा बुडवला, भुरका मारला. कडकपणा, मग गोडवा, आणि मग मागून, ठरल्याप्रमाणे, पितळ. ते त्याने तोंडात धरून ठेवलं. बाहेर म्हातारा बसला होता आणि त्याच्यासाठी हे खरं होतं, चहा स्वच्छ होता, पहिल्यापासून स्वच्छ असणार. आणि तरीही, हे आपण त्याच्यासाठी करतोय की त्या चमच्यासाठी, हे तोंडातल्या चवीवरून काही केल्या ओळखू येईना. दोन्हींची चव एकच लागत होती.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला.

चष्मेवाल्याने घोट घेतला, डोळे मिटले. हो, म्हणाला, एकदम स्वच्छ. धाकटी शिपायाला हाक मारायला दाराकडे वळली, आणि तो मात्र अजून तिच्याकडेच बघत होता, पाठमोऱ्या तिच्याकडे, जणू तिच्या खांद्यांवरूनही काही कळेल. आणि मग त्याला जाणवलं की थुंकायचं राहूनच गेलं. घोट केव्हाच खाली गेला होता.